राउटरच्या पोटातला स्विच

घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर लग्नाचा व्हिडिओ पाठवायला फार वेळ लागला, की निदान ठरलेलं असतं: नेट स्लो आहे, प्लॅन वाढवून घ्या. प्लॅन वाढतो, बिल वाढतं आणि व्हिडिओ जायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. तो लागणारच, कारण ती फाइल घराबाहेर पडतच नाही. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर उपटून ठेवली तरी ती त्याच वेगाने जाईल.

आपण ज्याला राउटर म्हणतो त्या डब्यात खरं तर तीन यंत्रं असतात. घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा खरा राउटर, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि मागच्या चार पोर्टांना, म्हणजे केबल खोचायच्या खाचांना, जोडणारा एक छोटा स्विच. केबलने जोडलेले दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा सगळं काम हा स्विच करतो. राउटरच्या प्रोसेसरला सहसा त्याची खबरही नसते.

माझ्या मते या डब्यातली सर्वांत हुशार वस्तू हा स्विचच. त्याच्या आधी हब असायचा. हब म्हणजे निव्वळ मुका जोड: एका पोर्टातून आलेला संदेश तो बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर सोडायचा. दोघे एकदम बोलले की संदेश आदळायचे आणि दोघांनाही थोडं थांबून पुन्हा पाठवावं लागायचं. त्यामुळे जितके संगणक जास्त, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा वेग कमी.

स्विच असं करत नाही. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस असतो आणि पाठवलेल्या प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे संदेशाच्या प्रत्येक तुकड्यावर, घेणाऱ्याचा व पाठवणाऱ्याचा असे दोन्ही अ‍ॅड्रेस असतात. नवा स्विच गावात नव्याने बदली होऊन आलेल्या पोस्टमनसारखा असतो. कोण कुठे राहतं हे त्याला कोणी सांगत नाही. कुठल्या घरातून कोणाच्या नावाची पत्रं बाहेर पडतात, हे बघून तो स्वतःच यादी बनवतो. म्हणजे स्विच शिकतो तो पाठवणाऱ्याच्या अ‍ॅड्रेसवरून. घेणारा यादीत नसेल, तर तेवढ्यापुरता हबसारखा सगळीकडे संदेश सोडतो. उत्तर आलं की त्याचंही पोर्ट नोंदवून ठेवतो. बराच काळ गप्प असलेल्याची नोंद पुसली जाते. यानंतर एक आणि दोन क्रमांकांच्या पोर्टांमधला संवाद तीन आणि चारच्या आड येत नाही, आणि प्रत्येक जोडीला पूर्ण वेग मिळतो, तोही दोन्ही दिशांना एकाच वेळी.

इथरनेटचा, म्हणजे केबलने संगणक जोडायच्या या पद्धतीचा, पहिला व्यावसायिक स्विच १९९० साली अमेरिकेतल्या कल्पना नावाच्या कंपनीने आणला. सहसंस्थापक विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे, आणि कंपनीला त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं. सात पोर्टांचा हा स्विच पूर्ण फ्रेम येण्याची वाट न पाहता, घेणाऱ्याचा अ‍ॅड्रेस वाचून होताच ती पुढे ढकलायचा. फ्रेममध्ये तो अ‍ॅड्रेस सुरुवातीलाच असतो, म्हणून हे जमलं. १९९४ मध्ये सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली.

‘मध्ये स्विच टाकला की वेग कमी होतो’ हाही एक लाडका समज. गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिट वेगाच्या, स्विचला १,५१८ बाइटची फ्रेम पूर्ण आत घ्यायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. एवढाच काय तो उशीर, आणि त्याने वेग घटत नाही. वेग ठरवतं ते पोर्ट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून १०० मेगाबिटच्या पोर्टातून फ्रेमांवरचे अ‍ॅड्रेस, तपासणीचे आकडे आणि दोन फ्रेमांमधली सक्तीची मोकळी जागा वजा जाता सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट पदरात पडतात. गिगाबिटमधून ११८च्या आसपास. म्हणजे चार गिगाबाइटची फाइल एकीकडे साडेपाच मिनिटांहून जास्त घेते, दुसरीकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. अर्थात फाइल जुन्या पेन ड्राइव्हवर लिहायची असेल, तर स्विच बिचारा काय करणार?

आता राउटरच्या खोक्यावरचा १२०० हा आकडा. ती बहुतेकदा दोन वायफाय पट्ट्यांच्या, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन वेगळ्या टप्प्यांच्या, कमाल वेगांची बेरीज असते: ३०० आणि ८६७ मेगाबिट. एक लॅपटॉप एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कोणालाच मिळत नाही. त्याच खोक्यातल्या स्वस्त राउटरची पोर्टं अनेकदा १०० मेगाबिटची असतात, पण हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. शिवाय वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच जण बोलू शकतो. हबचे दिवस परत आले म्हणा ना. दोन्ही लॅपटॉप एकाच पट्ट्यावर असले तर प्रत्येक फ्रेम आधी राउटरकडे आणि तिथून दुसऱ्याकडे, अशी हवेतून दोनदा जाते. वेग निम्म्यावर येतो तो इथे.

राउटरवर चिकटवायचे ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकरही विकले जातात. ते खरोखर लहरी शोषत असते तर वायफायची रेंज आधी गेली असती. ती जात नाही, यातच काय ते आलं.

आपल्याकडे काय चाललंय ते संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतं. लिंक स्पीड १०० किंवा १००० असा आकडा असतो. दोन्ही टोकांची पोर्टं गिगाबिटची असूनही १०० दिसत असेल, तर संशय केबलवर घ्यावा. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दारात चेमटून त्या जास्तीच्या दोन जोड्यांतली एक तार तुटली तरी उपकरणं बहुतेकदा गुपचूप खालच्या वेगावर उतरतात, आणि सगळं ‘चालू’च दिसत राहतं.