पेट्रोलवरचा कर कोणाचा? नागपुरातून दिल्लीपर्यंत गेलेला वाद

केंद्र आणि राज्ये यांच्यातील करवाटपाचा वाद हल्ली जीएसटीच्या भरपाईपासून सांगितला जातो. नागपूरकरांनी तरी तो 1938 पासून सांगावा. त्या वर्षी, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडाने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर 5 टक्के कर बसवणारा कायदा केला. 1935 च्या भारत सरकार कायद्याने उत्पादन शुल्क केंद्राला आणि मालाच्या विक्रीवरील कर प्रांतांना दिला होता. दिल्लीचे म्हणणे असे, की देशात तयार झालेल्या मालावर तो ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कोणत्याही टप्प्याला घेतलेला कर हे उत्पादन शुल्कच होय, म्हणून पंपावर वसूल होणारी रक्कमही केंद्राचीच. हा अर्थ टिकला असता तर देशी मालापुरता प्रांतांचा विक्रीकर कागदावरच राहिला असता. नव्याने स्थापन झालेल्या संघराज्यीय न्यायालयापुढे (फेडरल कोर्ट) आलेले हे पहिलेच प्रकरण. डिसेंबर 1938 मध्ये त्याने 1935 च्या कायद्यातील या दोन करांच्या नोंदी एकमेकींच्या संदर्भात वाचल्या, केंद्राचे शुल्क उत्पादनाच्या टप्प्याशी बांधले आणि प्रांताचा कायदा वैध ठरवला. राज्यांच्या उत्पन्नाचा पुढचा सर्वांत भक्कम आधार त्या निकालाने वाचवला, असेच म्हटले पाहिजे.

संविधानात ही विभागणी बहुतांशी कायम राहिली. गुंता वाढला तो 2000 च्या 80 व्या घटनादुरुस्तीनंतर. जवळपास सर्व केंद्रीय कर वाटपात आले, पण उपकर आणि अधिभार बाहेर राहिले. उपकर ठरावीक कामासाठीच असतो, हे केंद्राचे समर्थन अगदीच गैरलागू नाही. तरीही फेब्रुवारी 2021 चे आकडे पाहावेत. लिटरभर पेट्रोलमागे केंद्र 32 रुपये 90 पैसे घेत होते आणि त्यातले वाटपास पात्र मूळ उत्पादन शुल्क होते फक्त 1 रुपया 40 पैसे. राज्यांचा 41 टक्के वाटा त्या 1 रुपया 40 पैशांवर, म्हणजे सर्व राज्यांना मिळून सुमारे 57 पैसे. वाट्याची टक्केवारी तीच ठेवून वाटा कसा आटतो, हे यातून उघड दिसते.

1 जुलै 2017 पासून राज्यांनी बहुतेक मालावरील विक्रीकर जीएसटीत विलीन केला. त्या बदल्यात महसुलात वर्षाला 14 टक्के वाढ गृहीत धरून दिलेली भरपाईची हमी जून 2022 मध्ये संपली. पेट्रोल-डिझेल मात्र बाहेर राहिले. वर्धा रोडवरच्या पंपावर आज राज्य जो मूल्यवर्धित कर घेते, तो 1938 च्या त्या 5 टक्क्यांचाच वारस आहे. पेट्रोल जीएसटीत आणावे ही ग्राहकांची मागणी समजण्याजोगी आहे, पण ती मान्य झाल्यास स्वतःच्या अखत्यारीत दर ठरवता येणारा आणखी एक मोठा कर राज्यांच्या हातून जाईल. सप्टेंबर 2021 मध्ये हा विषय केंद्र आणि राज्यांच्या संयुक्त बैठकीत आला, तेव्हा त्याची वेळ अजून आलेली नाही, असे ठरले.