उजनीचा खेळ आणि उद्याचा खेळ

‘‘सर, मग २०४५ ला उजनी धरण किती टक्के?’’

दोन तासांचा खेळ संपवून पत्ते गोळा करत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. पोराचं काही चुकलं नव्हतं. सुरुवातीला मीच ‘आज आपण भविष्याचं सिम्युलेशन करू’ असं बोलून गेलो होतो आणि खेळायला दिला होता पत्त्यांचा खेळ. त्यातून टक्केवारी निघायची सोयच नाही. तेव्हापासून हे दोन प्रकार मी वेगळ्या नावांनी सांगतो: मॉडेलचा खेळ आणि साच्याचा खेळ. पहिल्यात नियम खऱ्या आकड्यांवर बांधलेले, दुसऱ्यात ठरलेल्या चौकटीत कल्पना भरायची. दोन्हींत टेबलाभोवती माणसं, सोंगट्या, भूमिका, हमरीतुमरी. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

मॉडेलचा आधी. आमच्या सोलापूरला पाणी देणारं उजनीच घ्या. धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला ६३ च्या आसपास मृत साठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारा; बाकीचा उपयुक्त. एक सोंगटी म्हणजे एक टीएमसी धरली, तर ५४ निळ्या आणि ६३ करड्या. उसवाला, डाळिंबवाला, साखर कारखाना, महापालिका, पाटबंधारे खातं अशा भूमिका वाटायच्या आणि दर फेरीला पावसाचा पत्ता उलटायचा. निळ्या संपल्या की उजनी ‘मायनस’मध्ये. करड्याही उचलता येतात, पण महापालिकेला दुबार पंपिंगचा, म्हणजे पाणी दोन टप्प्यांत उपसायचा खर्च पडतो, पाणी आणखी खाली गेलं की तिबारचा. २०२४ च्या उन्हाळ्यात रोज पेपरात वाचलेला मायनसचा आकडा इथं बोटांना लागतो. दर फेरीला काही सोंगट्या बाष्पीभवनाच्या नावानं काढून घ्यायच्या. त्या कुणीच मागितलेल्या नसतात आणि भांडण नेमकं त्यांच्यावरूनच पेटतं.

या खेळात प्रत्येक नियमाला ‘हे असंच का?’ याचं उत्तर द्यावं लागतं. उसाला इतक्या सोंगट्या कशावरून? कालव्यात गळती किती धरली? उत्तर कच्चं असेल तर समोरचा शेतकरी पहिल्याच फेरीत खेळ उधळतो, आणि त्यानं तो उधळावाच. म्हणून असा खेळ दुसऱ्या गावी न्यायचा तर पाटी बदलून भागत नाही. उजनीच्या जागी जायकवाडी लिहिलं की साठा, पिकं, कालवे, भांडणारे असं सगळं पुन्हा मांडायला बसा.

एक अपवाद आहे. आकडे वेगळे असले तरी मुळातलं कारण तेच असेल, तर मॉडेल सहज मुक्काम हलवतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या कामातून आलेला ‘बिअर गेम’ पाहा. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशी साखळी. मागणी वर कळायला उशीर, माल खाली यायला उशीर. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि तिथंच राहते. तरी कारखान्यापर्यंत पोचता पोचता ऑर्डरी हेलकावे खायला लागतात: आधी तुटवडा, मग भरलेलं गोदाम. बिअर काढून टेरी टॉवेल ठेवा आणि कारखान्याच्या खुर्चीत अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमागवाला बसवा. खेळ तसाच चालतो, कारण हेलकाव्याचं मूळ उशिरात आहे, मालात नाही. यंत्रमागवाल्याला मात्र हे शिकवायला जाऊ नये. तो तुम्हाला दिवाळीनंतरच्या गोदामाची गोष्ट ऐकवेल.

आता साच्याचा खेळ. सोलापुरात तो समजावणं सोपं आहे, कारण इथं जकार्ड माहीत आहे. चादरीवरची नक्षी बदलायची तर जकार्डचे भोकं पाडलेले पत्ते बदलायचे, माग तोच. साच्याच्या खेळात नेमकं हेच होतं. स्टुअर्ट कँडी आणि जेफ वॉटसन यांनी २०१४ मध्ये आणलेल्या ‘द थिंग फ्रॉम द फ्युचर’ या खेळात पत्त्यांचे चार गट होते: कसलं भविष्य आणि किती लांबचं, कुठलं क्षेत्र, कोणती वस्तू, आणि ती पाहून मनाला काय वाटतं. चार पत्ते ओढायचे आणि त्यांत बसेल अशी वस्तू सुचवायची.

आमच्याकडे एका गटाला आलं: एका पिढीनंतरची कोसळ, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, पावती, हुरहूर. त्यांनी पावती लिहिली. ‘जत्रेच्या पाहुण्यांसाठी जादा पाणी, घागरी २, पाहुण्यांची संख्या ३, मुक्काम १ रात्र.’ खाली शिक्का. वर्ग हसला आणि मग गप्प झाला. ही भविष्यवाणी नव्हे. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात पाहुणचार किती आक्रसू शकतो, हे त्या कागदावर दिसलं. कुठल्याही सोंगटीनं ते दाखवलं नसतं.

मूळ गठ्ठ्यातले बरेच पत्ते मला बदलावे लागले. वस्तूंमध्ये लग्नपत्रिका आली, वाढदिवसाचा डिजिटल फलक आला, शेंगाचटणीचं पाकीट आलं. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली मुलं आपसात तेलुगूत बोलून शेवटी मराठीत लिहितात. ते तसंच चालू दिलं, उलट वस्तू जास्त नेमक्या निघाल्या.

पत्ते बदलले तरी मागाचा पन्हा बदलत नाही, हे मात्र विसरायला होतं. त्या खेळात भविष्याचे प्रकार येतात हवाई विद्यापीठातले भविष्याभ्यासक जिम डेटर यांच्या चार कल्पनांवरून: वाढ, कोसळ, शिस्त, कायापालट. ‘जैसे थे, फक्त थोडं वाईट’ असं भविष्य त्यात धड बसत नाही, आणि सोलापुरात सगळ्यात आधी तेच सुचतं. मी पाचवा पत्ता घातला: ‘रेंगाळ’. साच्यात हात घातल्याची कबुलीही खेळाआधीच देऊन टाकतो.

कधी हात घालावाच लागतो. विचारवंत प्रभात रंजन सरकार यांच्या समाजचक्राच्या कल्पनेवरून ऑस्ट्रेलियात पीटर हेवर्ड आणि जोसेफ व्होरोस यांनी ‘सरकार गेम’ मांडला. त्यात शूद्र, क्षत्रिय, विप्र, वैश्य असे चार गट होतात. प्रभात रंजन यांना त्यात जन्माची जात नव्हे, मनोवृत्ती अभिप्रेत होती. मेलबर्नमध्ये हे खपून जाईल. इथं हे चार शब्द फळ्यावर लिहिले, तर पुढचा तासभर पोरं एकमेकांची आडनावं मोजत बसतील. मी राबणारे, लढणारे, जाणते, व्यापारी असं करून पाहिलं. शब्द गेले, पण सत्तेचं चक्र ठरल्या क्रमानं फिरतं हे गृहीतक राहिलंच. ते मान्य आहे का, हे खेळणाऱ्यांना विचारलं नाही तर नुसतं भाषांतर होतं.

आकड्यांवर चालणारा खेळ आणि आकड्यांशिवाय चालणारा, ही फाटाफूट जुनीच. प्रशियात १८२४ साली राइस्विट्झ यांनी युद्धखेळाला फासे आणि कोष्टकं दिली. पुढं अधिकारी कोष्टकांना कंटाळले, तेव्हा १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी ती बाजूला सारून निकाल पंचाच्या अनुभवावर सोडला. तिथं तरी दोन्ही प्रकारांना नकाशा एकच होता.

हल्ली मी सकाळी सोंगट्या काढतो आणि जेवणानंतर पत्ते. उलट क्रम केला की पत्त्यांवरची कल्पना सोंगट्यांत ‘सिद्ध’ करायचा मोह होतो. आणि गठ्ठ्यात थोडे कोरे पत्ते ठेवतो. मागच्या खेपेला एकीनं कोऱ्या पत्त्यावर लिहिलं, ‘पळसदेवचं देऊळ’. उजनीत बुडालेलं ते देऊळ पाणी उतरलं की वर येतं. करड्या सोंगट्या मोजताना ते कुणालाच आठवलं नव्हतं.