समुपदेशकाला कसला आलाय ताण?

‘दुसऱ्यांची मनं सावरणाऱ्याला सगळे उपाय पाठ असतात, तो कशाला थकेल?’ हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा. ‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून रिकामं होणं, हा शब्द मानसशास्त्रात रुजला तोच मुळी अशा एका माणसामुळे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करत, मग मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबत. सहकारी पिळून निघालेच, ते स्वतःही सुटले नाहीत. त्यावरचा त्यांचा लेख १९७४ चा.

मग ‘योगा करा, सुट्टी घ्या’? वाईट नाही, पण अपुरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. म्हणजे आधी कामाकडे बघायचं. दिवसाला नऊ सेशन. आधीच्याचं रडणं कानात असतानाच पुढचा समोर येऊन बसलेला. इथे प्राणायाम बिचारा काय करणार? केसेस कमी करणं, मानसिक आघाताच्या केसेस लागोपाठ न लावणं आणि नियमित सुपरव्हिजन, हे जास्त कामाला येतं. सुपरव्हिजन म्हणजे चुका काढणारा साहेब नव्हे. ‘या क्लायंटचं बोलणं घरी गेल्यावरही डोक्यातून जात नाही’ हे अनुभवी सहकाऱ्याला न लाजता सांगता येतं, ती बैठक.