मादिराँ (फ्रेंच रेड वाईन)

मादिराँ ही फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, गास्कोनी भागात होणारी रेड वाईन. पिरेनीज डोंगरांच्या अलीकडे, पो शहराच्या ईशान्येला मादिराँ नावाचं छोटंसं गाव आहे, नाव तिथूनच आलं. 1948 साली हिला अपेलासियोंचा दर्जा मिळाला, म्हणजे ठरलेल्या हद्दीतली, ठरलेल्या जातींची द्राक्षं असतील तरच बाटलीवर हे नाव लावता येतं, आणि तेही फक्त रेडला. त्याच टेकड्यांवरची व्हाईट वाईन पाशराँक द्यु विक-बिल या नावाने विकतात.

मादिराँचा सगळा स्वभाव ताना नावाच्या द्राक्षात आहे. जाड सालीचं, काळपट द्राक्ष, टॅनिन (साली-बियांतलं तुरट द्रव्य) भरपूर. सोबत काबर्ने फ्राँ (तिकडे त्याला बूशी म्हणतात), काबर्ने सोव्हिन्यों आणि फेर सर्वादू थोडं थोडं घालतात, पण राज्य तानाचंच. ग्लासात ओतली की रंग इतका गडद की पलीकडचं दिसत नाही, कडेला जांभळी झाक. पहिला घोट घेतला की जांभळं खाल्ल्यावर जीभ आणि गाल आतून आवळतात ना, अगदी तसं होतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. आपल्याकडे याला तुरट हा नेमका शब्द आहे, आणि तुरट म्हणजे वाईट असं अजिबात नाही, उलट तीच या वाईनची ताकद आहे, काळ्या बेरीचा आणि मसाल्याचा वास त्याच्या मागून हळूहळू येतो.

हा तुरटपणा मऊ व्हायला बाटलीत बरीच वर्षं जावी लागतात. त्यावर उपाय म्हणून 1990च्या दशकाच्या सुरुवातीला इथलेच वाईन बनवणारे पात्रिक द्युकुर्नो यांनी मायक्रो-ऑक्सिजनेशन काढलं, टाकीतल्या वाईनमध्ये ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे सोडायचे. आज ही पद्धत जगभर वापरतात. मादिराँचं नाव बाहेर नेण्यात शातो माँत्युस या वाईनरीच्या आलँ ब्र्युमाँ यांचाही मोठा हात. तानाचा वेल 19व्या शतकात उरुग्वेला गेला आणि आता तिथली ओळखच बनलाय.

मादिराँ नुसती प्यायची वाईन नाहीच. गास्कोनीत ती बदकाच्या काँफीबरोबर, म्हणजे बदकाच्याच चरबीत मंद शिजवलेल्या तंगडीबरोबर घेतात. चरबी आणि मांसातलं प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतं, मग तीच आवळणारी वाईन एकदम गोलसर लागते आणि पुढच्या घासाला तोंड साफ. कोवळी बाटली असेल तर दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागू देणाऱ्या काचेच्या भांड्यात, ओतून ठेवावी.