सुरीला धार लावणे

स्वयंपाकाच्या सुरीची बोथट झालेली कड सरळ करून किंवा घासून पुन्हा कापती करण्याची क्रिया. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेषा म्हणजे धार. ती जितकी बारीक, तितका कापताना जोर कमी लागतो. बोथट सुरीने हात कापण्याची भीती कमी असते हा गैरसमज आहे. उलट तिच्यावर भार द्यावा लागतो आणि भार दिला की ती घसरते.

धार जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या तऱ्हेत कड झिजलेली नसते, नुसती एका बाजूला कललेली असते. पोलादी सळईवरून पाते हलक्या हाताने चार-सहा वेळा फिरवले की ती पुष्कळशी सरळ होते. सळईने धातू फारसा निघत नाही, म्हणून हे काम रोज केले तरी चालते. दुसऱ्या तऱ्हेत कड झिजून गोलसर होते. तेव्हा सळई कितीही घासली तरी उपयोग नाही. धातू काढूनच नवी कड तयार करावी लागते. कोणती तऱ्हा आहे हे काही अंशी दिव्याखाली कळते. धार वर करून सुरी धरावी. जिथे बारीक चकाकती रेघ दिसते तिथे कड बोथट आहे, कारण खऱ्या धारेला प्रकाश परतवण्याइतकी रुंदीच नसते.

धातू काढण्याचे जुने आणि आजही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे दगड. पूर्वी तो नैसर्गिकच असे. एडवर्ड अ‍ॅचेसन यांना १८९३ मध्ये सिलिकॉन कार्बाइडचे पेटंट मिळाले आणि त्यानंतर कृत्रिम दगडांचा प्रसार झाला. आज अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे दगड आणि हिऱ्याची पूड बसवलेल्या पट्ट्याही वापरतात. दगडावरचा आकडा जितका मोठा तितके त्याचे कण बारीक. २०० ते ४०० चा दगड कडेचे टवके काढायला, १००० चा नेहमीच्या धारेला आणि ३००० ते ६००० चा शेवटचा हात फिरवायला. घरच्या कामाला १००० चा एकच दगड पुरतो; बाकीची हौस म्हणावी. पाणी किंवा तेल यांचे काम सुटलेली भुकटी वाहून नेण्याचे असते. तेल प्यालेल्या दगडावर नंतर पाणी नीट चालत नाही.

कोन महत्त्वाचा, पण तो ठरावीक असण्यापेक्षा न बदलणे अधिक महत्त्वाचे. युरोपीय धाटणीच्या सुऱ्यांना दर बाजूस १५ ते २० अंश ठेवतात. जपानी सुऱ्यांचे पोलाद अधिक कडक असल्याने त्यांना १० ते १५ अंशही चालतात. ४५ मिलिमीटर रुंदीचे पाते १५ अंशांवर धरायचे तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर वर राहते. एका बाजूने घासत गेले की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय पातळ कोर उमटते. अंगठा पाठीकडून धारेकडे बाहेर ओढला (धारेच्या लांबीने कधीही नाही) की ती खरखरीत लागते. टाचेपासून टोकापर्यंत ही कोर जाणवली तरच बाजू बदलायची. नवशिके बहुतेक इथेच फसतात: कोर येण्याआधी बाजू बदलतात, किंवा आलेली कोर शेवटी दोन्ही बाजूंनी हलके हात फिरवून काढत नाहीत. मग सुरी पहिल्या दिवशी झकास चालते, दुसऱ्या दिवशी कोर दुमडते आणि दोष पोलादाला दिला जातो.

व्यावसायिक कारागीर फिरते चाक किंवा अपघर्षक पट्टा वापरतात. काम मिनिटांत होते, पण कोरड्या चाकावर कड तापते. ती निळसर झाली तर तिथे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि पात्याचे पाणी उतरले असे समजावे. तो भाग मऊ पडतो आणि त्याची धार टिकत नाही. म्हणून पाण्यात फिरणाऱ्या चाकावर काम करणारा कारागीर केव्हाही बरा. मोडलेले टोक, मोठे टवके, वर्षानुवर्षे धार लावून जाड झालेले पाते पातळ करणे, ही कामे मात्र त्याच्याकडेच द्यावीत. खाचेतून सुरी ओढायची छोटी उपकरणे सोपी असली तरी कड ओरबाडतात. स्वस्त सुरीला चालतील, चांगल्या सुरीला नकोत.

दातेरी सुरीचा प्रत्येक दाता गोल, निमुळत्या सळईने वेगळा घासावा लागतो. सिरॅमिक सुरीला पोलादी सळई चालत नाही, हिऱ्याची पूडच लागते. एकाच बाजूला उतार असलेल्या सुरीची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त कोर काढण्यापुरती फिरवतात. लावलेली धार टिकते ती लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाटावर. काचेच्या किंवा दगडी पाटावर ती थोड्याच वेळात जाते.