देणगीसाठी ४२ किमी: पैसा कसा जमतो आणि पाय कसे तयार होतात

चैत्रात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेली माणसं तुम्ही बघितलीच असतील. ऊन चाळिशीच्या पुढं, डांबर तापलेलं, पायाला फोड, आणि रस्त्यावरच्या गावागावात लोक ताक, सरबत, जेवण घेऊन उभे असतात, कुणी मागितलेलं नसताना. गाडीत बसून गडावर जाणाऱ्याला कुणी हात करून ताक पाजत नाही, पायी जाणाऱ्याला पाजतात. कष्ट आणि देणं यांचं हे नातं आपल्याकडं पिढ्यानपिढ्या आहे, आणि आता आपल्या भागातली बरीच पोरं-पोरी मॅरेथॉन, सायकल राईड, घाट चढणं असल्या चॅलेंजमधून एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे जमवायला लागलीयत तर त्यामागचं विज्ञान एकदा नीट बघू या.

ओलिव्होला आणि शाफिर या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये यावर एक पेपर लिहिला. संस्था तीच, काम तेच, फक्त एका गटाला सांगितलं की पिकनिकला यायचंय आणि दुसऱ्याला सांगितलं की ५ मैल पळायचंय, तर पळायचं असणारे लोक स्वतःच्या खिशातून जास्त द्यायला तयार झाले. वरवर बघितलं तर उलटं वाटतं, पण स्वतः कष्ट करून दिलेल्या पैशाला माणसाच्या मनात जास्त अर्थ येतो. त्यांनी याला मार्टर्डम इफेक्ट, म्हणजे हौतात्म्याचा परिणाम, म्हटलं. आणि याच पेपरमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: काम जर कुणाचं दुःख कमी करण्याचं असेल, म्हणजे उपासमार, आजार वगैरे, तर हा परिणाम ठळक दिसतो, आणि बाग करायची, मौजेची सोय करायची असलं काही असेल तर तो फिका पडतो.

आता इथंच घोळ होतो. कष्ट दिसले की पैसा येतो हे कळलं की लगेच कुणीतरी म्हणतं, मग आपण मे महिन्यात भर दुपारी भुसावळ ते जळगाव पळू, लोक बघत राहतील. हे अजिबात करू नका. लोकांना भिडतो तो धोका नाही, भिडते ती मेहनत, आणि ती त्या माणसाच्या मानानं मोजली जाते. २०२० मध्ये इंग्लंडमधले कॅप्टन टॉम मूर शंभरीला टेकलेले असताना वॉकर धरून बागेत २५ मीटरच्या १०० फेऱ्या चालले. एकूण अंतर अडीच किमी! त्यांना १००० पौंड जमवायचे होते, जमले ३ कोटी २० लाखांच्या वर.

दुसरं उदाहरण टेरी फॉक्सचं. कॅनडाचा हा पोरगा, हाडाच्या कॅन्सरमुळं १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला, आणि १९८० मध्ये कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला कृत्रिम पायावर तो देश ओलांडायला निघाला. १२ एप्रिलला सुरुवात, रोज साधारण एक मॅरेथॉन, १४३ दिवसात ५३७३ किमी. सुरुवातीला फार कुणी लक्ष दिलं नाही, पण पोर्ट ओ बास्क नावाच्या साधारण १०,००० वस्तीच्या गावानं १०,००० डॉलर दिले आणि तिथून त्याच्या डोक्यात आलं की देशातल्या प्रत्येक माणसामागं एक डॉलर. कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळं १ सप्टेंबरला थांबावं लागलं, जून १९८१ मध्ये तो गेला, पण त्याआधी फेब्रुवारीतच आकडा २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढं गेला होता, आणि कॅनडाची लोकसंख्या तेव्हा तेवढीच होती. त्याच्याबद्दल सांगताना एक गोष्ट कायम सुटते. निघण्याआधी त्यानं वर्षाहून जास्त काळ तयारी केली होती आणि त्या तयारीत तो जवळपास ५००० किमी पळाला होता. म्हणजे जेवढं जगानं बघितलं जवळपास तेवढंच आधी कुणी बघत नसताना झालं होतं. देणगीदाराला दाखवायचीच असेल तर ही तयारी दाखवा, पहाटे ५ ला मेहरूण तलावाचा राऊंड, रविवारी लळिंगचा चढ, पाय आखडलेले, परत उठून निघालेले. महिनाभर लोकांनी हे बघितलं की मागायला तोंड उघडावं लागत नाही.

मागताना मात्र क्रम महत्त्वाचा. गणपतीची वर्गणी मागायला फिरलेल्या कुणालाही माहितीय की पावतीपुस्तक घेऊन आधी हात सैल असणाऱ्या भाऊंकडं जायचं, कारण पहिल्या पावतीवर ५०१ असेल तर पुढचा माणूस २१ लिहायला लाजतो. २०१० च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या ऑनलाइन देणग्या तपासून संशोधकांनी नेमकं हेच आकड्यात मांडलं: आधी दिसणाऱ्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली की पुढचा देणारा सरासरी अडीच पौंड जास्त देतो. म्हणून लिंक सगळ्या ग्रुपवर टाकायच्या आधी जवळच्या चारपाच माणसांकडून चांगली सुरुवात करून घ्या. टार्गेट पण लिहा, कारण टार्गेट जवळ आलं की लोक जास्त हात लावतात.

आणि आकडेवारीचा भडिमार करू नका. २००७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना ५ डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हटलं. आफ्रिकेतल्या लाखो उपाशी लोकांचे आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकिया नावाच्या एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी २.३८, आणि ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही दिले त्यांनी १.४३. एका माणसाची गोष्ट सांगा, पण खऱ्या पेशंटचा फोटो-नाव त्याच्या परवानगीशिवाय टाकणं चूक आहे, लहान पोरांचं तर नकोच. पैसे स्वतःच्या खात्यात न घेता थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का ते बघा, आणि ८०जी ची पावती हवी असणाऱ्याला सांगून ठेवा की २००० च्या वर रोख दिलं तर सूट मिळत नाही आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये ती सूट नाहीच.

आता शरीराकडं येऊ.

ट्रेनिंग सुरू केलं की शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगानं बदलतात, आणि बहुतेक दुखापतींचं मूळ इथं आहे. रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, काही दिवसातच वाढायला लागतं, त्यामुळं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मग स्नायूंमध्ये केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे कारखाने, वाढतात. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूतली ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवायची ताकद साधारण दुप्पट झाली, आणि तिथून हे सगळं शास्त्र सुरू झालं. पण हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, फार सावकाश बदलतात, हाड तर आधी थोडं पोखरलं जातं आणि मग नवीन भरलं जातं आणि या चक्राला महिने लागतात, त्यामुळं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम छान टिकतोय, आता काहीही पळू शकतो असं वाटतं तेव्हाच नडगीचं हाड सगळ्यात कच्चं असू शकतं.

दर आठवड्याला १० टक्केच वाढवा असं सगळे सांगतात. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला तेव्हा सावकाश वाढवणारे आणि जरा भरभर वाढवणारे, दोन्ही गटात साधारण दर पाचात एकाला दुखापत झाली, म्हणजे फरक नाही. अलीकडं २०२५ मध्ये ५००० हून जास्त धावपटूंच्या नोंदींवरून जे पुढं आलं ते मला जास्त कामाचं वाटतं: आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवसाची उडी घातक. गेल्या ३० दिवसातल्या तुमच्या सगळ्यात लांब रनपेक्षा आजचा रन १० टक्क्यांहून जास्त लांब असेल तर दुखापतीचा धोका वाढतो. आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम २५ किमी, हा आपल्याकडचा आवडता प्रकार त्यामुळंच नडतो. बाकी बहुतेक पळणं इतक्या हळू व्हायला हवं की शेजारी पळणाऱ्या भावाशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, आणि शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यापर्यंत कमी करायचं, वेग तसाच ठेवून.

खाण्याचं गणित सोपं आहे. पळायला किलोमागं, किमीमागं साधारण १ कॅलरी लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला मॅरेथॉनला २५०० च्या आसपास. स्नायू आणि यकृतात मिळून साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरी. बाकीची चरबीतून येते, पण चरबी हळू जळते, म्हणून वेग जास्त ठेवला की ३०-३२ किमीला टाकी रिकामी होते आणि पाय उचलतच नाहीत. यावर उपाय म्हणजे पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जात राहणं. महागडे जेल घेतलेच पाहिजेत असं नाही, मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर सगळं एकत्र. २०१२ मध्ये अमेरिकेत १४ सायकलपटूंना ७५ किमी सायकल चालवायला लावली, एकदा केळी देऊन आणि एकदा स्पोर्ट्स ड्रिंक देऊन, वेळेत फरक पडला नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, रावेर-यावलच्या माणसानं जेलसाठी ऑनलाइन ऑर्डर कशाला करायची? फक्त पळताना केळं पचवायची पोटाला आधी सवय लावा, काहींना फुगल्यासारखं होतं. आणि आदल्या रात्री भरीत पार्टी नको, कितीही आग्रह झाला तरी.

उन्हाचा मुद्दा मात्र जरा वेळ देऊन समजून घ्यायला हवा. पळताना जळणाऱ्या ऊर्जेतला पाव हिस्सासुद्धा जेमतेम कामाला लागतो, बाकी सगळी उष्णता. ६० किलोचा माणूस ताशी १० किमीनं पळतोय तर तासाला साडेचारशे कॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ती अजिबात बाहेर पडली नाही तर दर ६-७ मिनिटांना शरीर १ अंशानं तापेल. हवा कातडीपेक्षा गरम असेल, म्हणजे ३५ च्या वर, तर हवा उलट आपल्यालाच तापवते आणि तेव्हा घाम सुकणं हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर ५८० च्या आसपास कॅलरी घेऊन जातो. सुकला तर. टपकून खाली पडला तर काही उपयोग नाही.

सवयीनं शरीर हे शिकतं. रोज तासभर उन्हात हलका व्यायाम केला तर १०-१४ दिवसात घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, ठोके कमी पडतात. पण ही सवय दोन-चार आठवड्यात उतरते, आणि नेमकं हेच खान्देशी धावपटू विसरतो. आम्ही ४५ डिग्रीत वाढलो, आम्हाला काय उन्हाचं, असं म्हणून तो डिसेंबरच्या १०-१२ डिग्रीत सगळी तयारी करतो आणि जानेवारीत मुंबईला पळायला जातो, तिथली हवा दमट, घाम सुकत नाही, आणि मेमधली सवय केव्हाच गेलेली असते. शेवटच्या दोन आठवड्यात सकाळी १०-११ च्या उन्हात थोडे हलके रन ठेवले तरी फरक पडतो.

पाण्याचंही तसंच, जास्त म्हणजे चांगलं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी झालेलं निघालं, आणि त्यात मोठा वाटा गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याचा होता, काहींचं तर पळून वजन वाढलं होतं. तहानेप्रमाणे प्या, लांब अंतराला मीठ-साखरेचं लिंबू सरबत ठेवा. आणि कुणी उन्हात पळताना अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजा, आधी थंड पाण्यात बसवा किंवा बर्फाचं पाणी ओतत राहा, ॲम्ब्युलन्सला फोन करा, पण थंड करणं गाडी येईपर्यंत थांबवू नका.

शेवटचा मुद्दा खास आपल्या भागाचा. नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, साक्री, शिरपूर भागात, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे रुग्ण आणि वाहक (आई-बापातल्या एकाकडूनच सदोष जनुक आलेले) बरेच आहेत. आई-बाप दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. १ जुलै २०२३ ला यासाठी राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट आहे, आणि तपासणी, औषधं, प्रवास यासाठी पैसे जमवायला याहून जवळचं काम मला तरी दिसत नाही. पण या कामासाठी पळणाऱ्यांमध्येच वाहक असू शकतात, ज्यांना रोजच्या जगण्यात काहीच त्रास होत नाही आणि म्हणून माहितीच नसतं. ऊन, पाणी कमी आणि एकदम जोराची मेहनत एकत्र आली तर त्यांच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि स्नायू फुटायला लागतात. अमेरिकेत सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात वाहकांना असा स्नायू फुटण्याचा धोका इतरांच्या साधारण दीडपट निघाला, पण मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं, आणि तिथं सगळ्याच सैनिकांना पाणी, विश्रांती, उन्हाचे नियम सक्तीचे होते.

म्हणजे वाहकाला पळायला बंदी नाही. साधी रक्ततपासणी करून घ्या, तोरणमाळच्या घाटात पहिल्याच वळणापासून जोर लावू नका, ताप-जुलाब असेल त्या आठवड्यात सुट्टी घ्या. आयोजकांनी एवढं लक्षात ठेवावं की साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो, तर वाहकाच्या या त्रासात पाय मऊच राहतात पण त्यातला जीव गेल्यासारखा माणूस हळूच खाली बसतो. त्याला "उठ, थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही, लगेच सावलीत घ्यायचं, ऑक्सिजन असेल तर लावायचा आणि दवाखान्यात न्यायचं. घरी गेल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो कुणीही असो, वाहक असो नसो, त्याच रात्री दवाखाना गाठायचा, कारण फुटलेल्या स्नायूंचं प्रोटीन किडनीत अडकलेलं असतं आणि सलाईन जितक्या लवकर लागेल तितकी किडनी वाचायची शक्यता जास्त.