पाटी साठ सांगते, रस्ता शंभर

वाशी ते बेलापूर हा नवी मुंबईतला पाम बीच रोड सुमारे दहा किलोमीटरचा. जायला तीन लेन, यायला तीन, खाडीच्या अंगाला कांदळवन. वेगमर्यादा ताशी ६० किमी. पण रस्ता रुंद आणि सरळसोट. रात्री अकरानंतर साठने चाललं तर रांगल्यासारखं वाटतं. पाटी साठ सांगते, रस्ता शंभर. आणि चालक ऐकतो ते रस्त्याचं. म्हणून महापालिकेचं खरं काम पाट्या वाढवण्यापेक्षा रस्त्याचा आकार बदलण्याचं आहे.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, अडीच सेकंद धरते. त्या हिशेबाने ताशी ६० ला गाडी थांबायला ८० मीटर लागतात, १०० ला १८०. आता रस्त्यालगतच्या सारसोळे जेट्टीकडे निघालेला कोळी ८० मीटरवर रस्ता ओलांडताना दिसला, असं समजा. साठची गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. शंभरच्या गाडीचे ६९ मीटर चालक सावध होईपर्यंतच संपलेले असतात. उरलेल्या अकरा मीटरांत त्याच हिशेबाने ब्रेक लागला तरी ती ताशी ९५ च्या आसपास वेगाने त्याच्यावर आदळते.

यावर पहिला उपाय सुचतो तो रंबलरचा, म्हणजे एकेक मीटरवर मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांचा. त्यात एक खोच आहे. ताशी ४० ला सेकंदाला अकरा धक्के बसतात, ८० ला बावीस. कारचं चाक आपल्या स्प्रिंगवर मुळात सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं. चाळीसला धक्के नेमके त्या तालात येतात आणि गाडी खिळखिळी झाल्यासारखी वाजते. ऐंशीला ताल मागे पडतो आणि हादरा कमी जाणवतो. रोजचे लोक हे चार दिवसांत शिकतात आणि रंबलरवर गाडी पळवतात! पुढे सिग्नल आहे म्हणून जागं करायला रंबलर ठीक. वेग उतरवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

वेग खरा उतरतो तो वळणावर. आपल्याकडचे ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायच्या वाटा, मोठ्या गोलाईचे असतात. कोपऱ्याची त्रिज्या १५ मीटर असेल तर कार आरामात ताशी २२ ने वळते, ५ मीटर केली तर तेरा-चौदाच्या वर जात नाही. शिवाय कोपरा पुढे आला की पायी माणसाचं ओलांडायचं अंतरही घटतं. हे आधी रंग आणि प्लॅस्टिकचे खांब लावून काही आठवडे तपासावं, बसची मागची चाकं कुठून जातात ते पाहावं आणि मगच काँक्रीट ओतावं. ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या कंटेनर-ट्रेलरच्या वाटेवर तर ही पायरी गाळूच नये. नाहीतर पहिल्याच आठवड्यात ट्रेलरचं मागचं चाक पदपथावर चढतं.

सिग्नलचे सेकंद मोजताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर, नऊ सेकंद. काठी टेकत येणाऱ्या आजींना बारा तरी हवेत, आणि दुभाजकात उभं राहायला दोन मीटर रुंद जागा. दुभाजकावर झाडं लावायची हौस सगळ्यांना, ही जागा मात्र बहुतेकदा विसरली जाते.

झेब्राचे पट्टे पावसाळ्यात हरवतात. हे पट्टे थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे तापवून ओतलेल्या जाड रंगाचे असतात. तो गरम असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी शिंपडतात. हेडलाइटचा उजेड ते चालकाकडे परत पाठवतात. मणी अर्ध्याहून थोडा जास्त रुतायला हवा. उशिरा शिंपडला तर झडतो, फार लवकर टाकला तर बुडतो. डांबर ओलसर असेल तर त्या उष्णतेने वाफ होऊन पट्ट्याला फोड येतात आणि पापुद्रे निघतात. सगळं नीट केलं तरी जुलैच्या सरीत मण्यांवर पाण्याचा थर चढला की चमक जाते, म्हणून जोडीला ‘कॅट आय’ (रस्त्यात बसवलेले चमकते ठोकळे) आणि थेट झेब्रावर पडणारा दिवा लागतो.

राहिला गतिरोधक. तो आतल्या रस्त्यांसाठी, पाम बीचसाठी नाही. प्रमाण ठरलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई. ताशी २५ ने जाणाऱ्याला तो टोचत नाही. ४० मीटर आधी सूचनेची पाटी हवी. सोसायटीच्या आग्रहावरून रातोरात उगवलेला उंचवटा बहुधा हात-दीड हात रुंदीचा असतो. तो दुचाकीस्वाराला उडवतो, रुग्णवाहिकेला अडवतो, आणि दुचाकीवाले चुकवायला कडेच्या पाणी जायच्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्यांच्या अंगावरून जातात. तपासायला टेप पुरे. काठापासून पाव मीटर आत उंची तीन सेंमीच्या आत भरली पाहिजे. तिथेच दहाच्या आसपास भरली, तर वॉर्ड ऑफिसला अर्ज करताना ते माप आणि फोटो जोडा.